बूड बघून पारख: जुनी अमेरिकन काच, बरण्या आणि भांडी

वस्तू हातात आली की आधी उलटी करा. नक्षी, रंग, विक्रेत्याने चिकटवलेली चिठ्ठी हे सगळं नंतर. जुन्या अमेरिकन घरातला काचेचा पेला असो, भट्टीत मीठ टाकून झिलई आणलेली मातीची बरणी असो की प्युटरची (मुख्यतः कथलाच्या मिश्रधातूची) थाळी, ती कशी घडवली हे तिच्या बुडाशी दिसतं. कशी घडवली हे कळलं की कधी घडवली याचा अंदाज बांधता येतो. शिक्का खोटा मारता येतो, नक्षीची नक्कल करता येते. घडवण्याची जुनी पद्धत मात्र वेळखाऊ आणि महागडी असते, त्यामुळे नक्कल करणारा बहुतेक वेळा तिथेच पकडला जातो.

अमेरिकेत राहणारी आणि रविवारी जुन्या बाजारात रमणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. त्यांतल्या ज्यांना ‘हे छान दिसतंय’ याच्या पुढे जायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख. भारतात बसून संग्रहालयांची ऑनलाइन दालनं चाळणाऱ्यांनाही यातला बराचसा भाग कामाला येईल.

आधी काळ पक्का करा

सतराव्या शतकातल्या वसाहतींपासून साधारण १८६०पर्यंतचं घरगुती सामान, एवढी चौकट सुरुवातीला पुरे. त्यानंतर कारखाने मोठे झाले, माल स्वस्त झाला आणि पारखीचे नियमही बदलले.

नवख्या माणसाची फसगत जास्त करून तीन ठिकाणी होते. १८७६ साली फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या शताब्दीचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यानंतर आजी-पणजीच्या काळातल्या वस्तूंची हौस देशभर पसरली आणि जुन्या घाटाच्या नव्या वस्तू दशकानुदशकं बनत राहिल्या. त्यातल्या कित्येक आता स्वतःच शंभर वर्षांच्या झाल्या आहेत. त्यामुळे नुसतं ‘जुनं दिसतं’ म्हणून काही सिद्ध होत नाही. दुसरी फसगत नावाची. अँकर हॉकिंग कंपनीने १९६०मध्ये बाजारात आणलेल्या काचेच्या भांड्यांच्या मालिकेचं नावच ‘अर्ली अमेरिकन प्रेसकट’ होतं. चांदण्यांच्या नक्षीची ही भांडी प्रत्येक थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, दिसतात. वापरायला ती छान आहेत, पण आपल्या विषयात बसत नाहीत. तिसरी फसगत आकड्याची. चमच्यामागे ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ दिसलं की चमचा १८४७चा आहे असं वाटतं. तो ब्रँडचा भाग आहे. चांदीचा मुलामा दिलेला तो चमचा विसाव्या शतकातला असण्याचीच शक्यता जास्त.

आणखी एक गोष्ट मनात ठेवा. जुन्या अमेरिकन घरातलं पुष्कळ सामान अमेरिकेत बनलेलंच नव्हतं. पितळ बर्मिंगहॅमहून यायचं, कपबश्या इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरहून. १७८४ साली ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज न्यूयॉर्कहून चीनला निघालं आणि अमेरिकेचा चीनशी थेट व्यापार सुरू झाला. तेव्हापासून चिनी मातीची भांडीही थेट येऊ लागली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत १८२४मध्ये न्यूयॉर्कला उतरला तो प्रसंग गडद निळ्या रंगात छापलेल्या थाळ्या प्रसिद्ध आहेत. त्या स्टॅफर्डशरच्या क्ल्यूज बंधूंनी अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी केल्या. त्या अमेरिकन घराच्या आहेत, अमेरिकन भट्टीच्या नाहीत.

खरेदीआधी बघणं

निदान काही महिने पैसे खर्च करू नका, फक्त बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची अमेरिकन विंग, डेलावेअरमधलं विंटरथर, काचेसाठी कॉर्निंगचं संग्रहालय आणि केप कॉडवरचं सँडविच ग्लास म्युझियम, मातीच्या भांड्यांसाठी व्हरमाँटमधलं बेनिंग्टन म्युझियम: यांतलं जे जवळ असेल तिथून सुरुवात करा. न्यू जर्सीकरांना मिलव्हिलचं अमेरिकन काचेचं संग्रहालय आणि पेनसिल्व्हेनियातल्या डॉइल्सटाउनचं मर्सर म्युझियम एका दिवसात जमतं. मर्सरला तर जाच. तिथे वस्तूंबरोबर त्या घडवणारी हत्यारंही आहेत, आणि हत्यार पाहिलं की वस्तूवरच्या खुणा वाचता येऊ लागतात.

संग्रहालयात हात लावता येत नाही, म्हणून त्यानंतर जुन्या बाजारात जायचं. मॅसॅच्युसेट्समधला ब्रिमफील्डचा बाजार वर्षातून तीनदा भरतो, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये. पेनसिल्व्हेनियातल्या ॲडम्सटाउनला दर रविवारी जुन्या वस्तूंची रेलचेल असते. विक्रेत्याला विचारून वस्तू दोन्ही हातांनी उचला, वजन जोखा आणि परत ठेवा. बहुतेक जुने विक्रेते शिकणाऱ्याला मनापासून सांगतात. फक्त त्यांच्या टेबलापाशी गिऱ्हाइकांची गर्दी नसताना विचारा.

पिशवीत चार गोष्टी असू द्या: दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटं लोहचुंबक, मोजपट्टी आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. टॉर्चचा उपयोग डागडुजी शोधायला होतो. नवा गोंद आणि वरून मारलेला रंग तिच्या उजेडात आजूबाजूपेक्षा वेगळा चमकतो.

काच

अमेरिकेत काच करायचा पहिला प्रयत्न १६०८मध्ये जेम्सटाउनला झाला, पण तो टिकला नाही. दीर्घकाळ चाललेला पहिला कारखाना कॅस्पर विस्टारने १७३९ साली न्यू जर्सीच्या सेलम काउंटीत काढला. तिथे मुख्य माल खिडक्यांच्या तावदानांचा आणि बाटल्यांचा. त्याच काचेतून कारागीर घरच्यांसाठी जग, वाडगे फुंकून काढत. वाळूतल्या लोहामुळे ही काच हिरवट किंवा तपकिरी असते, आणि माझ्या मते तिचं सगळं सौंदर्य त्या रंगातच आहे. पेनसिल्व्हेनियातल्या मॅनहाइमला हेन्री विल्यम स्टीगलने १७६०च्या दशकात रंगीत आणि कोरीव काच काढली. १७७४पर्यंत त्याचं दिवाळं निघालं. त्याचे कारागीर युरोपातून आलेले होते आणि तिकडच्यासारखीच काच करत होते. त्यामुळे आज बहुतेक वेळा ‘स्टीगल पद्धतीची’ एवढंच म्हणता येतं. एखादा विक्रेता छातीठोकपणे ‘ही स्टीगलचीच’ म्हणाला, तर पुरावा मागा आणि तो नसेल तर पुढे चला.

फुंकलेली काच ओळखायची खूण बुडाशी असते. कारागीर फुगवलेली वस्तू लोखंडी सळईला बुडाकडून चिकटवतो, फुंकनळीपासून तोंड सोडवतो, तोंडाला घाट देतो आणि शेवटी सळई झटक्याने तोडतो. तिथे खरखरीत, बोटाला लागेल असा व्रण राहतो. त्याला पाँटिल म्हणतात. चांगल्या मालावर तो घासून गुळगुळीत करत. मग मधोमध बशीसारखा खळगा दिसतो. साधारण १८६०नंतर बाटल्या बुडाशी चिमट्यात धरण्याची सोय झाली आणि व्रण दिसेनासा झाला. बाटलीवरची साच्याची शिवण थेट ओठावरून वर गेलेली असेल, तर ती यंत्रावरची, म्हणजे विसाव्या शतकातली. पण हेही लक्षात घ्या की पाँटिल असला म्हणजे काच जुनीच, असं नाही. न्यू जर्सीतल्या क्लेटनच्या क्लेव्हेंजर बंधूंनी १९३०पासून जुन्या घाटाची काच हाताने फुंकून काढली, आणि तिलाही पाँटिल आहे. म्हणून एका खुणेवर कधीच थांबायचं नाही.

दुसरी खूण झिजेची. दीडशे-दोनशे वर्षं टेबलावर सरकलेल्या भांड्याच्या बुडाला, जिथे ते टेकतं फक्त तिथेच, वेगवेगळ्या दिशांचे बारीक ओरखडे पडलेले असतात. भिंगातून बघा. ओरखडे एकाच दिशेने समांतर असतील किंवा न टेकणाऱ्या भागावरही असतील, तर कोणीतरी सँडपेपर चालवला आहे.

आता दाबकाच, म्हणजे प्रेस्ड ग्लास. अमेरिकेने घरगुती काचेला दिलेली ही मोठी देणगी. १८२५मध्ये पिट्सबर्गच्या जॉन बेकवेलने दाबून केलेल्या काचेच्या मुठींचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी डेमिंग जार्व्हसने केप कॉडवर सँडविचचा कारखाना सुरू केला. पितळी किंवा लोखंडी साच्यात वितळलेल्या काचेचा गोळा टाकायचा, कात्रीने तोडायचा आणि तरफेने दट्ट्या खाली दाबायचा. जे काम फुंकून आणि कोरून करायला तासन्‌तास लागत, ते क्षणात होऊ लागलं. अडचण एकच होती. थंड साच्याला लागताच काचेच्या पृष्ठभागावर सुरकुत्या पडत आणि काच धुरकट दिसे. त्यावरचा उपाय म्हणून साच्यातली सगळी मोकळी जागा बारीक ठिपक्यांनी भरून टाकली. ठिपक्यांवर उजेड पडला की काच चांदीसारखी लखलखते आणि सुरकुत्या दिसत नाहीत. हीच ‘लेसी’ काच, साधारण १८२५ ते १८५० या काळातली.

पहिली खरेदी म्हणून मी नेहमी लेसी काचेची कप प्लेट सुचवते. तीन-साडेतीन इंचाची ही छोटी बशी. त्या काळी अमेरिकेत गरम चहा बशीत ओतून पीत, अगदी आपल्याकडे पितात तसा. मग ओला कप टेबलावरच्या कापडाला डाग पाडू नये म्हणून तो या काचेच्या बशीवर ठेवत. गरुड, जहाज, बंकर हिलचं स्मारक, १८४०च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसनचं चिन्ह बनलेली ओंडक्यांची झोपडी, १८४४चा अध्यक्षपदाचा उमेदवार हेन्री क्ले: अख्ख्या देशाचं राजकारण या बश्यांवर आलं आहे. साध्या नक्षीची बशी पन्नास डॉलरच्या आतही मिळून जाते.

ती बघायची कशी? बोट फिरवा: नक्षी खालच्या बाजूला, वरची बाजू सपाट. उजेडासमोर धरा: ठिपके टोकदार आणि स्वच्छ दिसायला हवेत. नकलेत ते बोथट, वितळल्यासारखे असतात. कड बघा: दातेरी कडेला एकदोन टवके असणं स्वाभाविक आहे. एकही टवका नसलेली, जाड आणि चिकटसर चमकणारी बशी बहुधा नवी. केप कॉडवरच्याच पेअरपॉइंट कारखान्याने विसाव्या शतकात आठवणीची भेट म्हणून अशा बश्या भरपूर काढल्या आहेत.

पेले आणि वाडग्यांसाठी कानही वापरा. नखाने हलकी टिचकी मारा. शिसं असलेली काच घंटेसारखी वाजते आणि हाताला जड लागते. १८६४मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगच्या कारखान्यात विल्यम लेटनने सोड्याच्या काचेचं सुधारित मिश्रण काढलं. ते बरंच स्वस्त पडे, म्हणून दाबकाचेतून शिसं झपाट्याने हटलं. ‘ठक्‌’ असा आवाज आला तर पेला बहुधा त्यानंतरचा.

जांभळ्या काचेपासून सांभाळून. जुन्या काचेत घातलेलं मँगनीज वर्षानुवर्षं उन्हात राहून फिकट जांभळं होतं हे खरं. पण हल्ली किरणोत्साराने हाच रंग मुद्दाम आणतात. गडद, सगळीकडे सारखं जांभळं दिसलं तर शंका घ्या.

माती

लाल मातीची भांडी सगळ्यांत आधीची आणि सगळ्यांत घरगुती. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कुटुंबांच्या ट्युलिपची फुलं कोरलेल्या थाळ्या बघताना मन प्रसन्न होतं. पण या भांड्यांवर शिशाची झिलई आहे. त्यांत खायचं काहीही ठेवायचं नाही, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

नवख्याने सुरुवात करावी ती स्टोनवेअरपासून, म्हणजे राखाडी अंगाच्या, निळ्या नक्षीच्या बरण्या आणि जग. न्यू जर्सीतल्या एडिसन परिसरातल्या मराठी वाचकांना हे वाचून बरं वाटेल की या धंद्याची माती त्यांच्याच मिडलसेक्स काउंटीतली. साउथ अँबॉय आणि चीझक्वेक भागातली माती होड्यांतून न्यूयॉर्कला आणि पुढे न्यू इंग्लंडला जायची. १८२५मध्ये ईरी कालवा पूर्ण झाल्यावर ती आत खोलवरच्या गावांतही पोचली आणि तिथे भट्ट्या उभ्या राहिल्या.

भट्टी पूर्ण तापली की कुंभार वरून मीठ टाकत. मिठाची वाफ मातीतल्या वाळूशी मिळून काचेसारखा थर तयार होतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत होतो. बोटांना तो लगेच कळतो. एकावर एक रचलेल्या भांड्यांच्या आत वाफ पोचत नसे, म्हणून आतून अल्बनीच्या तपकिरी मातीचा लेप देत. निळा रंग कोबाल्टचा. तो झिलईच्या आधी लावलेला असतो, त्यामुळे झिलई निळ्यावरूनही अखंड जाते. साध्या बरणीवर नंतर पक्षी रंगवून दहापट किमतीला विकणं हा जुना धंदा आहे. नखाने रंगाची कड जाणवली किंवा टॉर्चखाली निळा भाग वेगळा उजळला, तर बरणी परत ठेवा.

अठराव्या शतकाच्या अखेरीची नक्षी बहुधा आधी कोरून मग निळ्याने भरलेली असते. नंतर कुंचल्याची नक्षी आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेन्सिलची अक्षरं. खांद्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि गाव ठसवलेलं असेल तर काळ बराच नेमका सांगता येतो, कारण भागीदार बदलले की ठसा बदले. बेनिंग्टनच्या नॉर्टन घराण्याचंच बघा: ‘जे. अँड ई. नॉर्टन’ असेल तर १८५० ते १८५९, ‘ई. अँड एल. पी. नॉर्टन’ असेल तर १८६१ ते १८८१. ठशाजवळचा सुटा आकडा गॅलनचा असतो, सालाचा नाही.

दोन कुंभारांची नावं पाठ करा. न्यूयॉर्कच्या कॉर्लियर्स हुकला १७९०च्या दशकापासून १८१९पर्यंत काम करणारा थॉमस कॉमेरॉ हा स्वतंत्र कृष्णवर्णीय कारागीर होता. विसाव्या शतकभर संग्राहक त्याला गोरा समजत आले. जुन्या जनगणनेच्या नोंदी कोणीतरी नीट वाचल्या तेव्हा खरं कळलं, आणि २०२३मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने त्याच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. दुसरा डेव्हिड ड्रेक, साउथ कॅरोलायनातल्या एजफील्डचा गुलाम. गुलामांना लिहायला शिकवणं तिथे १८३४च्या कायद्याने गुन्हा ठरलं होतं. तरीही हा माणूस प्रचंड रांजण घडवायचा आणि ओल्या मातीवर आपलं नाव, तारीख, कधी दोन ओळींचं कवनही कोरायचा. एजफील्डची झिलई राखेची, हिरवट-तपकिरी, ओघळणारी. तिला मिठाचा संबंध नाही. २०२१मध्ये त्याचा एक रांजण लिलावात १५ लाख डॉलरच्या वर गेला. तुम्हाआम्हाला तो मिळणार नाही, पण संग्रहालयात दिसला तर त्या अक्षरांसमोर जरा वेळ थांबा.

तपकिरी ठिपक्यांच्या रॉकिंगहॅम झिलईच्या भांड्यांना बाजारात सरसकट ‘बेनिंग्टन’ म्हणतात. ती अनेक राज्यांत बनली. ठसा असेल तरच बेनिंग्टन धरा. चिनी मातीवर मागे ‘इंग्लंड’ असं देशाचं नाव असेल तर वस्तू सहसा १८९१नंतरची, कारण आयात मालावर मूळ देश लिहिण्याची सक्ती तेव्हा आली.

धातू

आधी चुंबक लावा. चिकटलं तर लोखंड किंवा कथलाचा पातळ थर दिलेला पत्रा. पितळ, तांबं, चांदी, प्युटर यांना चिकटत नाही, आणि ‘पितळी’ म्हणून विकलेल्या शमादानाला, म्हणजे मेणबत्तीच्या स्टँडला, चिकटलं तर सरळ खाली ठेवा.

प्युटर म्हणजे मुख्यतः कथील. ब्रिटिश करांमुळे कच्चं कथील महाग पडायचं, म्हणून वसाहतीतले कारागीर जुन्या थाळ्या वितळवून नव्या ओतत. त्यामुळे फार जुनं प्युटर कमी उरलं. स्वातंत्र्यानंतर शिक्क्यात गरुड आला. गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून अमेरिकन कारागीरही ‘लंडन’ असा शिक्का मारत. तेव्हा तेवढ्यावरून वस्तू इंग्रजी ठरवू नका, शेजारचं नाव वाचा. कनेटिकटच्या डॅनफर्थ आणि बोर्डमन घराण्यांचा माल त्यातल्या त्यात सापडण्याजोगा आहे.

चांदीत इंग्लंडसारखी सरकारी छाप देशभर नव्हती, फक्त कारागिराचं नाव किंवा आद्याक्षरं असत. १८३०च्या सुमारास ‘कॉइन’ हा शब्द दिसू लागतो. त्यात हजारात सुमारे ९०० भाग चांदी. ‘स्टर्लिंग’ दिसलं तर बहुधा १८६०च्या आसपास किंवा नंतरचं. बॉस्टनचा चांदीकाम करणारा कारागीर पॉल रिव्हिअर याने १७६८मध्ये घडवलेला ‘सन्स ऑफ लिबर्टी’ वाडगा बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे आणि त्या घाटाचे वाडगे आजही बक्षीस म्हणून देतात, म्हणून नुसत्या घाटाला भुलू नका. शिकायला कॉइन चांदीचा एखादा चहाचा चमचा पुरे.

अठराव्या शतकातली पितळी शमादानं बहुधा दोन अर्ध्या भागांत ओतून जोडलेली. दांड्यावर तोंडाची वाफ सोडा, जोडाची रेघ क्षणभर दिसते. बिडाच्या भांड्याच्या बुडावर लांबट उंचवट्याची रेघ असेल तर ती धातू ओतल्याच्या जागेची. अशी भांडी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाआधीची. भोकं पाडून केलेले पत्र्याचे कंदील मात्र नवखेपणी घेऊच नका, त्यांच्या नकला अफाट आहेत.

पैसे देताना

तीन प्रश्न विचारा: कुठून आली, काही डागडुजी झाली आहे का, आणि हे सगळं पावतीवर लिहून द्याल का. पावतीवर काळ आणि अवस्था लिहायला कां-कूं करणाऱ्याकडून महागाचं काही घेऊ नका. रोखीत थोडी सूट मागणं रीतसर आहे. सौम्य आवाजात एकदाच विचारावं. लिलावात हातोड्याच्या किमतीवर लिलावघराचं कमिशन वेगळं लागतं, ते आधी वाचा. नवख्याने टवका असलेली पण अस्सल वस्तू घ्यावी. तिची किंमत निम्म्याहून कमी असते आणि शिकवते ती तेवढंच.

घरी आणल्यावर

स्टोनवेअरच्या बरणीत लोणचं घालायचा मोह होईल. घालू नका: जुन्या लेपात काय मिसळलं आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि तड्यांत मीठ शिरलं की झिलई उडते. जुन्या प्युटरमध्ये शिसं असू शकतं. शिशाच्या काचेत सरबत तासन्‌तास ठेवू नये. बिडाच्या कढईत पूर्वी कोणी बंदुकीच्या गोळ्यांसाठी शिसंही वितळवलेलं असू शकतं, म्हणून वापरायची असेल तर आधी शिशाची चाचणी करून घ्या. तांब्याच्या भांड्याची आतली कल्हई झिजली असेल तर ते फक्त शोभेला.

धुणं कोमट पाण्यात, हाताने, तळाशी टॉवेल घालून. डिशवॉशर कधीच नाही. चांदी बुडवून काढायच्या द्रावणात टाकू नका, प्युटर घासून चकचकीत करू नका. त्यावरची काळपट साय आणि पुसट शिक्के दोन्ही जातात.

प्रत्येक वस्तूची नोंद ठेवा: बुडाचा फोटो, कुठून घेतली, किती दिले, काय पक्कं आहे आणि कशाबद्दल शंका आहे. नोंदीचा क्रमांक कागदावर पेन्सिलीने लिहून वस्तूच्या आत ठेवा किंवा सुती दोऱ्याने बांधा. चिकटपट्टी लावू नका. रंगवलेल्या पत्र्यावरचा जुना रंग तिच्याबरोबर सोलून येतो.